दोन कमानींचा मालक

माझ्या घरमालकांनी पहिल्याच भेटीत माझ्या फ्रिजला पान्यानं ठोकून पाहिलं.

तेलगावच्या बाजूच्या एका गावात माझी बदली झाली होती. टेम्पोतून सामान उतरत होतं, मी दोऱ्या सोडत होतो, आणि हे गृहस्थ ओसरीवरून उठले. कमरेला खोचलेला पाना काढून त्यांनी फ्रिजला टक् टक् केलं, मग त्याला कान लावला. डोळे मिटले. टेम्पोवाला, हमाल आणि मी, सगळे निकालाची वाट बघत उभे.

"नाद बरा हाय," ते म्हणाले. "ठेवा आत."

फ्रिजमागून कपाट झालं, गॅसची टाकी झाली (ती रिकामी होत आलीय हे मला त्यांच्याकडूनच कळलं), आणि शेवटी माझी स्कूटर. तिला त्यांनी एकदाच ठोकलं आणि पाना गुपचूप कमरेला खोचला.

"हिचं काय?"

"हिचं कशाला इचारता, डॉक्टर. संक्रांतीपतोर चालवा."

डॉक्टर म्हणजे मी. खरं तर मी जनावरांच्या दवाखान्यातला साधा पर्यवेक्षक, पण म्हशीला सुई टोचणारा माणूस गावात डॉक्टरच असतो. आणि स्कूटर संक्रांतीच्या आधीच गेली. त्यामुळे एकदा सर्दी झाली असताना मालक माझ्याकडं बघत पान्याला हात घालू लागले, तेव्हा मी तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत पळालो.

मालकांची एक ट्रक होती. ती अंगणात मधोमध, लिंबाच्या झाडाला वळसा घालून, दाराकडं तोंड करून उभी असे. मालक तिला नुसतं "ती" म्हणत, आणि बायकोला, म्हणजे काकूंनाही, "ती"च म्हणत. "तिला जरा पानी दाखवतो", "तिचं अंग गरम लागतंय", "ती सकाळधरून कुरकुर करायलीय" ही वाक्यं कुणाबद्दल आहेत हे कळायला मला बराच काळ लागला. एकदा "तिचा आवाज बदललाय, बघता का जरा?" म्हणाले म्हणून मी काकूंना घशाची गोळी नेऊन दिली. काकूंनी ती घेतली, पदराला बांधली आणि म्हणाल्या, "आवाज त्या गाडीचा बदललाय. पर ऱ्हाऊ द्या, माझाबी बदलंलच एक दिवस ह्यांच्यापायी."

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मालक ट्रक कधी मागं घेत नसत. रिव्हर्स गियर त्यांच्या लेखी नव्हताच. "मागं यायचं आसतं तर निघालो कशाला आसतो?" हा त्यांचा सवाल होता. एकदा आष्टीकडं कांदा घेऊन जाताना चुकून अरुंद रस्त्याला लागले. दुसरा कुणी चार हात मागं आला असता. मालक पुढंच गेले. ज्वारीच्या धसकटातून गेले, देवळाच्या मागून गेले आणि शेवटी एका लग्नाच्या मांडवासमोर येऊन थांबले. मांडव रस्त्यावर घातलेला. मालक खाली उतरले, वरबापाला रामराम केला, पंगतीला बसले, जेवले, नवरदेवाच्या हातात आहेर ठेवला आणि म्हणाले, "आता एवढा मांडव जरा उचला." तो उचलला गेला. त्या घराशी त्यांचं अजून येणं-जाणं आहे.

असा हा माणूस. त्याच्या अंगणाच्या दाराला एक कमान होती, आणि ती काकूंची होती.

काकूंनी कुठल्याशा लग्नात कमानीचं दार बघितलं आणि तशीच कमान आपल्या दाराला पाहिजे म्हणून हट्ट धरला. नांदूरघाटाकडचा गवंडी आणला. तो काम करत होता तेवढे दिवस काकू उन्हात छत्री धरून खाली उभ्या होत्या. कमानीवर समोरासमोर दोन सिमेंटचे मोर हवे होते. मोर झालेही, पण तोंडं एकमेकांच्या विरुद्ध दिशेला, जसे भांडून बसलेत. शिवाय तुरे जरा आखूड झाले आणि पोटं कमानीच्या खाली उतरली. गल्लीत त्या पक्ष्यांबद्दल वेगवेगळी मतं होती, पण काकूंपुढं ती बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. मालकांनी कमानीला पाना ठोकला आणि "नाद बरा हाय" एवढंच म्हणाले. रोज सकाळी काकू सडा घालून झाला की ओल्या फडक्यानं मोर पुसायच्या.

आता इथं एक अडचण आहे. ट्रकच्या मागच्या चाकांवर, एकावर एक ठेवलेल्या वाकड्या लोखंडी पाट्यांचा जो जुडगा असतो, ज्याच्यावर सगळा माल तोललेला असतो, त्यालाही आमच्याकडं कमानच म्हणतात. म्हणजे त्या घरात कमानी दोन प्रकारच्या होत्या. एक सिमेंटची, काकूंची. एक लोखंडाची, मालकांची. बरीच वर्षं त्या आपापल्या जागी सुखात होत्या.

गणपती उठले आणि ऊसतोडीचा मुकादम गाडी बघायला आला. टोळीला कारखान्यावर न्यायचं आणि मग हंगामभर ऊस ओढायचा, हे काम मालकांच्या ट्रकला दरवर्षी असे. तिचं वर्ष म्हणजे तो हंगाम. मुकादम ट्रकच्या मागं गेला, उकिडवा बसला, मान वाकडी करून बघितलं आणि उठून म्हणाला, "मालक, गाडी मागून बसलीय."

गल्लीतली माणसं उभी होती. मालकांचा चेहरा असा झाला की जणू त्यांना बाप कोण म्हणून विचारलंय.

"कुठं बसली? उभी तर हाय."

"पाटे सपाट झालेत. उसाखाली पार टेकंल ही. मी दुसरी बघतो."

मालक त्याच्या मागं मागं फाट्यापर्यंत गेले. शेवटी एवढं कबूल झालं की दसरा झाला की मुकादम पुन्हा येईल, गाडी मागून उभी दिसली तर काम मालकांचं. आता हे सगळं पाट्यांपुरतं असतं तर गोष्ट वेगळी. पण पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलानं आधीच सांगून ठेवलं होतं, आणि मालकांनी त्याच्या हातावर हात मारून कबूल केलं होतं, की यंदा हंगाम मिळाला नाही तर गाडी विकायची. ती जाणार होती भंगारात. मालक हे मला सांगताना ट्रककडं पाठ करून, हळू आवाजात बोलत होते. तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

फाट्यावर गाड्यांच्या कमानीचं काम करणारे उस्ताद होते. मालकांचे जुने दोस्त. कधीपासूनचे हे दोघांनाही आठवत नव्हतं आणि त्यावरूनही त्यांची भांडणं होत. मालक गेले, गाऱ्हाणं सांगितलं. उस्ताद भट्टीपुढून न उठता म्हणाले, "गाडी कुठं बसली बे? मालक बसलाय."

थट्टाच होती. पण मालक चहा न पिता परत आले. ओसरीवर पाना आपटला आणि जाहीर केलं, "मपली गाडी मपल्या दारात उठंल. उस्तादाचं तोंडबी बघायचं न्हाई."

मग आमच्या अंगणात जे सुरू झालं त्याला शस्त्रक्रियाच म्हणायला हवं. बाभळीचे ओंडके आले, जॅक आले, पहारी आल्या. गंजलेल्या बोल्टांना रॉकेल पाजलं गेलं. पान्याच्या दांड्यात लांब पाइप घालून मालक त्यावर झोका घेतल्यासारखे लोंबकळत, तेव्हा कुठं एखादा बोल्ट कुरकुरत फिरे. ट्रकचं मागचं अंग ओंडक्यांवर, चाकं लिंबाला टेकवलेली, आणि मालक तिच्या पोटाखाली उताणे. नुसते पाय दिसायचे. काकू चहा त्या पायांशी ठेवून जायच्या.

मलाही बोलावणं आलं. "डॉक्टर, तुमी जनावरं बघता. हिच्या मागल्या पायांचं काय वाटतं?"

"म्हैस असती तर कॅल्शियम दिलं असतं," मी म्हणालो.

मालकांनी यावर खरोखर विचार केला.

जुने पाटे तसेच ठेवून वर जादा पाटे घालायचे असं ठरलं. उस्तादांकडचे तर घ्यायचे नव्हते. मालकांनी निरनिराळ्या मोडीत निघालेल्या गाड्यांचे पाटे गोळा केले, प्रत्येकाला पाना ठोकून नाद ऐकला आणि नाद जुळणारे निवडले. पाट्यांचा बाक जुळतो का हे काही त्यांनी बघितलं नाही. नाद जुळला की सगळं जुळलं अशी त्यांची श्रद्धा.

डाव्या बाजूला पाटा घातला. ट्रक खाली उतरवली. काकूंच्या कपात चहा काठोकाठ भरून हौद्याच्या मागच्या कडेवर ठेवला. चहा उजवीकडं सांडला. म्हणजे डावं वर झालं. मग उजवीला एक पाटा. पुन्हा चहा. आता तो डावीकडं सांडला. डावीला आणखी एक. उजवीला आणखी एक. लिलावात दोन हट्टी माणसं समोरासमोर यावीत तशा त्या दोन बाजू चढत गेल्या. आठवडाभर हे चाललं. काकू म्हणाल्या, "ह्या गाडीनं माझ्यापेक्षा जास्त चहा पिला."

शेवटी एका संध्याकाळी चहा सांडला नाही. मालकांनी तो तिथंच उभ्यानं पिऊन टाकला आणि दूर जाऊन बघितलं. ट्रकचं ढुंगण असं वर आलं होतं की ती आता पळत सुटणार किंवा लाथ मारणार. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, आमच्यापैकी कुणाचंही लक्ष दाराकडं गेलं नाही.

ठरलेल्या सकाळी मुकादम फाट्यावर येणार होता. मालकांनी आंघोळ केली, गाडीला हार घातला, काकूंनी लिंबू-मिरची बांधली. इंजिन सुरू झालं. कॅबिन कमानीखालून निघाली. हौद्याचं पुढचं अंग निघालं. मधलं निघालं. आणि हौद्याच्या पार मागच्या टोकाची लोखंडी आडवी पट्टी मोरांच्या पोटाशी येऊन खट् करून थांबली.

ट्रक गल्लीत आडवी, शेपूट घरात. गल्ली बंद. दूधवाला तिकडं अडकला, पिठाची गिरणी इकडं. आतल्या बाजूला मी आणि काकू. बाहेर जायचं तर ट्रकच्या खालून. तिकडं कुणाची तरी म्हैस माझी वाट बघत होती.

"मालक," मी हौद्यावरून ओरडलो, "जरा मागं घ्या."

मालकांनी खिडकीतून मान बाहेर काढून माझ्याकडं बघितलं. मला तो लग्नाचा मांडव आठवला.

गल्लीतून सल्ले येऊ लागले. कुणी म्हणालं चाकांची हवा सोडा. मालक म्हणाले, "आन मुकादमापुढं बसलेल्या चाकावर नेऊ? हवा भरायला फाट्यावरच जावं लागतंय बे." कुणी म्हणालं जॅक लावून एक पाटा काढा. पण मागची चाकं नेमकी गटारावरच्या फरशीवर होती; तिथं जॅक लावला असता तर फरशी मोडून ट्रक गटारात बसली असती. शेवटी मी मालकांना न विचारताच उस्तादांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"उस्ताद, मालकांची गाडी कमानीमुळं अडकलीय."

"मग कमान खोला की," उस्ताद पलीकडून म्हणाले. "खाली घ्या, मोकळी करा. घंटाभराचं काम."

काकू चुलीपुढून उठून आल्या. हाताला पीठ.

"कोन म्हनतंय कमान खाली घ्या?"

"उस्ताद," मी म्हणालो.

"त्यांना म्हनावं आधी तुमच्या घरची पाडा."

"भाभी, माझ्या घरी कुठं कमान हाय?" फोनमधून आवाज. "दुकानात लई हायती."

"मग दुकान पाडा."

"आवो भाभी, लोखंड हाय ते. त्याला कशाला एवढा जीव लावता? जुनी झाली, गंजली आसंल."

"गंजली? रोज सकाळी पुसते मी. मोरासकट पुसते."

फोनमधला भात्याचा आवाज थांबला. मग उस्ताद फार हळू आवाजात म्हणाले, "मालक, कमानीत मोर घातलाव? पाटे आनले कुठून बे?"

गल्ली अशी हसली की दूधवाल्याच्या किटल्या वाजल्या. मालकही हसले, पण लगेच त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि त्यांचं हसू मावळलं. उस्ताद आपल्या लुनावरून आले. ट्रक बघितली, मोर बघितले, मालकांना बघितलं. 

मालक खाली उतरले होते. त्यांनी कमानीकडं बघितलं, मग काकूंकडं. पहार भिंतीला टेकलेली होती. सगळ्यांना ती दिसत होती. काकूंनाही.

"नुसते मोर," मालक म्हणाले. "परत बांधून देतो तुला. ती गेली तर परत येनार न्हाई."

काकूंनी हाताचं पीठ झटकलं. त्या मोरांकडं बघत नव्हत्या, गल्लीकडं बघत होत्या.

"एवढी मानसं सकाळधरून फुकट तमाशा बघायलीत," त्या म्हणाल्या. "त्यांना वर घाला की. चांगली खच्चून भरा. गाडी आपोआप बसंल."

उस्तादांनी कपाळावर हात मारला. "भाभी, तुमी उद्यापासून माझ्या दुकानात या."

मग जे झालं ते बघायला मी भिंतीवर चढलो होतो, मोरांच्या शेजारी. पट्टी आणि मोर यांच्यामध्ये फट दिसली की ओरडायचं हे माझं काम. हौद्यात आधी तालमीतली माणसं चढली. पाटे कुरकुरले, फट काही दिसेना. गिरणीवाली बाई चढली, दूधवाला किटल्यांसकट चढला, समोरच्या घरातल्या आजीबाईंना खुर्चीसकट उचलून वर ठेवलं. कुणीतरी दळणाची पोती टाकली. "आंग चोरू नका," मालक खालून म्हणत होते, "मोकळं बसा, जड बसा." वर जागा संपली तेव्हा माणसं मागच्या फाळक्याला लोंबकळली. शेवटी काकू चढल्या, कमानीखाली, बरोबर मधोमध, आणि त्यांनी दोन्ही हात वर करून मोरांची पोटं धरली.

बोटभर फट दिसली. मी ओरडलो. मालकांनी पहिला गियर टाकला. ती आडवी पट्टी मोरांच्या खालून इतक्या अलगद सरकली की मला श्वास सोडायला भीती वाटली. भरलेली ट्रक गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबली.

तिथं मुकादम उभा होता. वाट बघून बघून फाट्यावरून मोटारसायकलनं आला होता. त्यानं खच्चून भरलेला हौदा बघितला, खुर्चीतल्या आजीबाई बघितल्या, किटल्या बघितल्या. मग नेहमीप्रमाणं मागं जाऊन उकिडवा बसला, मान वाकडी केली. बराच वेळ बसला.

"एवढं वजन भरूनबी मागून बसली न्हाई की, मालक," तो म्हणाला. "गाडी दाखवायची ही तऱ्हा मी पयल्यांदाच बघितली."

मालकांनी उस्तादांकडं बघितलं. उस्तादांनी आभाळाकडं बघितलं.

"आपली तऱ्हा आशीच हाय," मालक म्हणाले.

काम मिळालं. टोळी गेली, ट्रक गेली, हंगाम नीट पार पडला. पण उन्हाळ्याच्या तोंडाला मालक ऊस संपवून घरी आले, तेव्हा पुन्हा तीच गोष्ट समोर उभी राहिली. रिकामी ट्रक कमानीखालून आत जाईना. उस्ताद म्हणाले, "एक पाटा काढून देतो, पैसे नको."

"कावून काढायचा?" मालकांनी विचारलं.

 उत्तर गल्लीनंच काढलं. ट्रक कोपऱ्यावर येऊन थांबली की माणसं घरातून बाहेर येत आणि चढत. आजीबाईंची जागा ठरलेली. नवी सून गल्लीत आली की तिला आधी ट्रकमध्ये बसवून आणत, मग देवदर्शनाला नेत. दहा-बारा पावलांचा प्रवास, लिंबाला एक वळसा, आणि उतरल्यावर काकूंचा चहा. बाहेर निघायचं असलं तरी तेच. मालकांना मी एकदा म्हणालो की लोकांना तुम्ही भलताच त्रास देता. तर ते म्हणाले, "आवो, रिकामी गाडी घरात आनू नये मानसानं."

यथावकाश माझी बदली झाली. मध्ये बरीच वर्षं गेली, लग्न झालं, नोकरी खुर्चीवरची झाली, घरचं तूप मानवलं. गेल्या वर्षी त्या बाजूला काम निघालं म्हणून गेलो. गल्लीच्या कोपऱ्यावर ट्रक उभी, हौदा माणसांनी भरलेला, आणि मालक दाढी पांढरी झालेले, स्टेअरिंगवर हात टेकून, कुणी आणखी येतंय का बघत.

त्यांनी मला ओळखलं. डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग पोटाशी नजर जरा थांबवली, खिडकीतून मान बाहेर काढली आणि हौद्याकडं तोंड करून म्हणाले,

"उतरा बे दोघं. डॉक्टर आलेत."

दोघं उतरले. मी चढलो.